साहेबांचं सीलबंद पिंप

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने वाइनच्या धंद्यात पडू नये, असा कुठे कायदा नाही. असता तर साहेबांनी तो मोडला नसता. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे शोधण्यात घालवली होती. त्यांची छत्री कोपऱ्यावर दिसली की बाजारातले काटे आपोआप खरं बोलू लागत, असं खात्यात म्हणत. घरीही तोच खाक्या. चहात घातलेला साखरेचा चमचा सपाट होता की शिगोशीग, यावर त्यांची नजर असायची, आणि त्यांची बायको शिगोशीग चमचा घालून वर "सपाटच होता हो," म्हणायची. संसार असेच चालतात.

या साहेबांच्या आणि त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावावर गावाबाहेरचं एक जुनं शेतघर सामाईक होतं. आजोबांनी बांधलेलं, दगडी, निळ्या खिडक्यांचं. शेजारी घोड्यांचा तबेला, धान्याचं कोठार, कोठाराखाली गार तळघर, आणि मागे द्राक्षांचा मळा, ज्याच्याकडे बरीच वर्षं पक्ष्यांखेरीज कोणी लक्ष दिलं नव्हतं. ताईचं म्हणणं सरळ होतं. विकून टाकू. गोदामासाठी जागा शोधणारा एक माणूस तिच्याकडे खेटे घालत होता. तो घर पाडून तिथे पत्र्याची शेड टाकणार होता आणि आत सिमेंटच्या गोण्या रचणार होता.

आता, साहेबांनी गेल्या कित्येक वर्षांत त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मोसमात तिथले पेरू एक गडी आणून द्यायचा, संबंध तेवढाच. पण "सिमेंटच्या गोण्या" हे शब्द ऐकले आणि त्यांना एकदम ओसरी आठवली. ज्या ओसरीवर आपण रांगलो तिथे गोण्या? त्यांना रडूच आलं. सरकारी नोकरीत रडण्याची सवय नसल्यामुळे त्यांनी ते खोकल्यावर भागवलं आणि म्हणाले, "ताई, मला एक संधी दे. आपण ते घर दुरुस्त करू, काहीतरी चालवू तिथे."

ताईने चष्म्यावरून पाहिलं. लहानपणी एकेक दाणा मोजून खायच्या सवयीमुळे तिने भावाचं नाव 'तोळ्या' ठेवलं होतं आणि ते तिने त्याच्या निवृत्तीनंतरही चालू ठेवलं होतं.

"ठीक आहे, तोळ्या. तुझा पहिला कार्यक्रम होऊ दे. मी येईन, जेवेन, बघेन. पटलं तर ठेवू. नाही पटलं, तर तिथूनच त्या माणसाला फोन करीन. आणि मग तोंड पाडून बसायचं नाही."

साहेबांनी कबूल केलं. काय चालवायचं हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असणारा माणूस घरातच होता. तो म्हणजे साहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ, अर्थात मेहुणा. प्रत्येक घरात एक मेहुणा असतो ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं आणि ज्याचं स्वतःचं काही धड चाललेलं नसतं. त्याने शेतघर एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि जणू समोर दिसतंय अशा आवाजात सांगितलं, "भावोजी, तबेल्यात रेस्टॉरंट. कोठारात समारंभांचा हॉल. मळ्यातली द्राक्षं, तळघरात आपली स्वतःची वाइन. लोक रांगा लावतील."

"वाइन म्हणजे दारू ना?" साहेब म्हणाले. त्यांनी आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे मजल मारली नव्हती.

"भावोजी, बिअर ही दारू. वाइन ही संस्कृती."

शेजाऱ्यांना बातमी कळायला वेळ लागला नाही. शेजारचे काका आणि काकू यांचा एक गुण होता. ते कधी मदत करत नसत, पण सल्ला देताना हात आखडता घेत नसत. काका म्हणाले, वाइनच्या भानगडीत पडूच नका, मशरूम लावा. काकू म्हणाल्या, वाइन करा, पण पाटीवर 'द्राक्षांचा रस' लिहा, म्हणजे लोक काही बोलायचे नाहीत. मग काका म्हणाले की वाइन हृदयाला चांगली असते असं त्यांनी वाचलंय, आणि काकू म्हणाल्या की तुम्ही ते वाचलंत तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेवटी दोघांनी जाहीर केलं की त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा सोहळा ते याच हॉलमध्ये करतील. तो पहिला कार्यक्रम ठरला. साहेबांना वाटलं, चला, शेजाऱ्यांकडून एकदाचं काहीतरी निघालं.

डागडुजी सुरू झाली तशी सरकारी खाती जागी झाली. आजवर साहेब लोकांकडे तपासणीला जात, आता लोक साहेबांकडे तपासणीला येऊ लागले. हे त्यांना फार लागलं. पहिले आले वारसा खात्याचे अधिकारी, हळू बोलणारे, प्रत्येक दगडावरून हात फिरवणारे. त्यांनी सांगितलं की कोठाराचं मोठं लाकडी दार आतल्या बाजूला उघडतं, तसंच ते कायम आत उघडलं पाहिजे. ऐतिहासिक दार आहे. त्यांच्यापाठोपाठ आले अग्निशमन खात्याचे अधिकारी, मोठ्याने बोलणारे, प्रत्येक वस्तू पेटलेली बघणारे. त्यांनी सांगितलं की जिथे माणसं जमतात तिथलं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आत उघडलं तर परवानगी नाही.

साहेब या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. इकडचे म्हणत, तिकडून लिहून आणा. तिकडचे म्हणत, इकडचं आम्हाला बंधनकारक नाही. एका कारकुनाने तर "तुम्ही असं करा, दार बंदच ठेवा," असाही तोडगा सुचवला. नोकरीत असताना साहेबांनी स्वतः शेकडो दुकानदारांना असंच फिरवलं होतं, पण ते नियमाने फिरवणं होतं, हा निव्वळ छळ होता, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

अखेर त्यांनी दोन्ही अधिकाऱ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. दोघे त्याआधी कधी भेटले नव्हते. वारसावाले आत उभे राहिले आणि दार कसं ऐतिहासिक रीतीने आत येतं हे ओढून दाखवू लागले. अग्निशमनवाले बाहेर उभे राहून ते बाहेर यायला काही हरकत नाही हे ओढून दाखवू लागले. दोघेही तत्त्वाचे पक्के. साहेब मध्ये "अहो, जरा, अहो," करत राहिले. थोड्या वेळाने मोठा आवाज झाला, बिजागऱ्या सुटल्या आणि आजोबांचं दार सावकाश, अगदी मानाने, साहेबांच्या अंगावर झुकलं.

साहेबांना दाराखालून काढेपर्यंत दोन्ही अधिकारी फार नरमले होते. दार नसेल तर ते आत उघडतं की बाहेर हा प्रश्नच उद्भवत नाही, यावर दोघांचं तिथेच एकमत झालं. दार भिंतीवर शोभेला टांगायचं, मोकळ्या जागी पडदा लावायचा, अट फक्त एकच, की पडदा पेटणारा नको. दोघांनी उभ्या उभ्या सह्या केल्या. साहेब खांदा चोळत घरी आले आणि बायकोला म्हणाले, "मिळाली परवानगी." ती म्हणाली, "आधी शेक घ्या."

इथवर सगळं कुठल्याही घरी झालं असतं तसंच झालं. पुढचं मात्र फक्त साहेबांच्याच हातून होऊ शकत होतं.

मळ्यातल्या द्राक्षांचा हंगाम आला. वाइन कशी करतात हे दाखवायला मेहुण्याने एक जाणकार बाई आणल्या. त्या कामाच्या होत्या. द्राक्षं चिरडली, रस आंबवला, गाळला आणि एका मोठ्या लाकडी पिंपात भरून तळघरात ठेवला. निघताना त्यांनी साहेबांना नीट समजावलं, "लाकडातून थोडी वाइन उडून जाते. पातळी खाली येईल. आली की या लहान पिंपातली वाइन ओतून वरपर्यंत भरायची आणि झाकण लगेच बंद करायचं. एरवी उघडायचं नाही. हवा लागली की नासते."

साहेबांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात त्यांनी झाकण काढून पट्टी बुडवली आणि पाहतात तो पातळी घटलेली.

आता कोणी दुसरा असता तर त्याने लहान पिंपातली वाइन ओतली असती आणि तो जेवायला गेला असता. पण साहेबांनी आयुष्यभर हेच ऐकलं होतं. "साहेब, तेल उडून जातं." "साहेब, साखर हवेने सुकते." "साहेब, दूध उन्हाने आटतं." प्रत्येक चोर दुकानदार हेच सांगत आला होता! सीलबंद मालाची पातळी घटली म्हणजे कोणीतरी हात मारला, यापलीकडे खात्याच्या पुस्तकात दुसरं कारण नाही. आणि घटलेल्या मालात वरून भर टाकणं म्हणजे तर शुद्ध भेसळ. पुरावा नष्ट करण्यासारखंच ते. छे. साहेबांनी पिंपाला लाख लावून सील ठोकलं, आणि चोर पकडेपर्यंत रोज मोजमाप करायचं ठरवलं.

रोज सकाळी ते तळघरात उतरत, सील तोडत, झाकण काढत, पट्टी बुडवत, खडूने पट्टीवर खूण करत आणि पुन्हा सील लावत. चव कधी घेतली नाही. ते पीत नव्हते, आणि तपासणी करणाऱ्याने माल चाखायचा नसतो. पातळी मात्र रोज थोडी थोडी उतरत राहिली.

संशय कोणावर जाणार? मेहुण्यावर. तळघरात तोच उतरायचा आणि वर येताना गाणं गुणगुणत यायचा. निर्दोष माणूस तळघरातून गाणं म्हणत कशाला येईल? साहेबांनी जेवताना त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन पाहिलं. मेहुणा दचकला. "काय झालं भावोजी?" "काही नाही," साहेब म्हणाले, "मीठ पुढे कर." एका दुपारी ते स्वतः पिंपामागे दबा धरून बसले. गारव्याने त्यांना छान डुलकी लागली. मेहुणा आला, त्याला कोणी दिसलं नाही, त्याने दार बाहेरून लावून घेतलं आणि तो गेला. संध्याकाळपर्यंत साहेब आतून दार वाजवत होते. बायकोने सोडवलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "तुमच्या पिंपाला तरी झोप लागू द्या."

जाणकार बाईंचे निरोप येत होते: पिंप भरत आहात ना? साहेब कळवत: माल सुरक्षित आहे.

आणि तो दिवस उजाडला. कोठाराच्या भिंती नव्या चुन्याने उजळल्या होत्या, तबेल्यात टेबलं मांडली होती, भट्टीशी आचारी घाम पुसत उभा होता. काका नवा कोट घालून आले. काकू त्यांना "ताठ चाला" म्हणत आल्या. पाहुणे आले. सगळ्यात शेवटी ताई आली. तिने घर फिरून पाहिलं. निळ्या खिडक्या पाहिल्या, टांगलेलं दार पाहिलं. साहेब तिच्यामागून तिची पर्स सांभाळत चालत होते आणि चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. काटा कुठे झुकतोय ते काही कळेना. पर्समध्ये फोन होता. तो त्यांना हाताला गरम लागत होता.

मेहुण्याने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. पिंप कोठारात आणून ठेवलं होतं. साहेबांनी स्वतःच्या हाताने सील तोडलं, आणि या घरातली पहिली वाइन काका-काकूंच्या पेल्यांत ओतली. मग सगळ्यांच्या.

काकांनी मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे विस्फारले, मान खांद्यांत गेली, कपाळावरची शीर उभी राहिली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. काकांनी सगळं बळ एकवटून घोट गिळला.

"वा!" ते म्हणाले. आवाज थोडा घोगरा निघाला. "तीक्ष्ण आहे."

गंमत अशी होती की तिथल्या एकाही माणसाला वाइन कशी लागते हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे दुसऱ्याला कळू द्यायची कोणाचीच तयारी नव्हती. काकूंनी घोट घेतला आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मागाहून चव लागते." कोणी म्हणालं, अशीच असते चांगली वाइन. कोणी पेला उजेडाकडे धरून म्हणालं, "जुनी दिसतेय." मेहुणा एकच थेंब चाखून पांढराफटक पडला होता, पण तोही म्हणाला, "भावोजी, ही तर... ही तर संस्कृती आहे." सगळा हॉल अश्रू गाळत वाहवा करू लागला. साहेबांची छाती फुगली. मोजून मापून केलेलं काम असंच होतं, असं त्यांच्या मनात आलं.

ताईने पेला तोंडाला लावला. खाली ठेवला.

"तोळ्या, हा शिरका आहे. चक्क व्हिनेगर."

काकांनी हळूच आपला पेला खिडकीत ठेवून दिला.

साहेबांनी स्वतःचा पेला उचलला. आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतः तपासलेला माल चाखला. जीभ आक्रसली, कानांमागे मुंग्या आल्या. आंबट. उघडउघड, आरपार आंबट. रोजचं सील, रोजचं झाकण, रोजची पट्टी, रोजची हवा... बाईंनी सांगितलेलं सगळं एकदम आठवलं. चोर कोणी नव्हताच. चोर असलाच तर तो रोज सकाळी पट्टी घेऊन तळघरात उतरत होता. सांगायला कारणं होती. द्राक्षं आंबट होती, लाकूड जुनं होतं, बाई बाहेरच्या होत्या. सगळी जिभेवर येऊन थांबली. ताई बघत होती.

"माझं चुकलं," साहेब म्हणाले. "बाईंनी पिंप भरून बंद ठेवायला सांगितलं होतं. मला वाटलं कोणीतरी पितंय. म्हणून रोज उघडून मोजत राहिलो. मी नासवली ती." मग त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. "आणि मला वाटलं, तू पितोस."

मेहुणा दुखावून म्हणाला, "मी? मला तर लिंबाच्या सरबतानेही चढते, भावोजी!"

पहिली हसली ती ताई. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तिने चष्मा काढला आणि भिंतीला टेकून पोट धरून हसली. तिच्या पाठोपाठ काका, काकू, सगळा हॉल. डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच आधीपासून होतं, ते आता मोकळेपणाने वाहू लागलं. आचारी मधूनच वाट काढत आला, पेल्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "साहेब, हे पिंप मला द्या. मासे, काकड्या, कांदे, सगळ्याला लावतो. इतका झकास शिरका बाजारात मिळत नाही." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत तो पिंप घेऊन गेलाही. पाहुण्यांना सरबत दिलं गेलं. मेहुण्याने ते लांबूनच पाहिलं.

ताई हसून दमली तेव्हा साहेबांना बाजूला ओसरीवर घेऊन गेली.

"ऐक. दर मोसमात तू इथले पेरू माझ्याकडे पाठवतोस. बरोबर निम्मे. आणि शेवटचा पेरू मधोमध कापून, अर्धा. तो पोचेपर्यंत काळा पडतो. मी प्रत्येक वेळी तो हातात घेऊन बसते आणि मला रडावं की ओरडावं ते कळत नाही."

"निम्मा हक्क तुझा होता, ताई."

"मला हक्क नको होता रे, गाढवा. भाऊ हवा होता. घर विकायचं म्हटलं, ते घर नको होतं म्हणून नाही. तुझ्याबरोबर उरलेलं आयुष्य मोजून घ्यायचं नव्हतं मला. आज पहिल्यांदा तू माझ्यासमोर चुकलास. मला वाटलं, या माणसाबरोबर भागीदारी जमेल कदाचित."

तिने पर्स मागितली. साहेबांनी ती दिली. तिने फोन काढला.

"हो, मीच बोलतेय," ताई फोनवर म्हणाली. "नाही. विकायचं नाही. भाव वाढवला तरी नाही. कारण? कारण काही नाही हो. घरात लोक जेवायला बसलेत."

साहेब ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. इतक्या महिन्यांचं छातीतलं ओझं कुठल्या कुठे गेलं होतं. ते रडत होते, आणि आता खोकल्याचं निमित्त करायचंही त्यांना सुचलं नाही. ताई त्यांच्या शेजारी बसली आणि पदराने त्यांचं नाक पुसलं, ते लहान असल्यासारखं.

आतून हसण्याचा, ताटांचा आवाज येत होता. कोणीतरी काकांना भाषण करायला उभं करत होतं आणि काकू त्यांना बसवत होत्या. बायको साहेबांसाठी ताट घेऊन बाहेर आली. मासे, भाज्या, लोणच्यासारख्या मुरवलेल्या काकड्या.

"सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. खा. कसं झालंय सांगा."

साहेबांनी घास घेतला. पुन्हा तीच चव, पण आता ती जिभेवर नीट बसत होती. त्यांनी ताट बघता बघता रिकामं केलं आणि बायकोपुढे धरलं.

"आंबट आहे," ते म्हणाले. "अजून वाढ."